पाण्याच्या रेघेच्या वर

धरण कुठे बांधायचं आणि किती उंच बांधायचं हे मंत्री ठरवतात असं लोकांना वाटतं, आणि मंत्र्यांनाही तसंच वाटतं. खरं म्हणजे ते दगड ठरवतो. दगडाचं म्हणणं ऐकायचं आणि साहेबांना कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं, हे माझं काम. भूवैज्ञानिक म्हणतात आम्हाला. हे काम मी इतकी वर्षं करते आहे की माणसांशी बोलायची सवय जवळजवळ मोडली. माझं नाव इंदिरा आणि फ्लॅट इंदिरानगरात, त्यामुळे रिक्षावाल्यापासून बँकेतल्या पोरीपर्यंत प्रत्येकाला एकच विनोद सुचतो, आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं प्रत्येकाला वाटतं. आई गेल्यापासून दाराला कुलूप मीच लावते आणि मीच काढते. तक्रार म्हणून सांगत नाही. एकटं राहणं मला छान जमतं, असा माझा समज होता.

उंबरओहोळ हे गाव त्र्यंबकेश्वर ओलांडून डोंगरात बरंच आत गेलं की लागतं. तिथला ओढा दोन डोंगरांमधल्या अरुंद फटीतून बाहेर पडतो, आणि फटीच्या मागे परातीसारखी मोठी सखल जागा आहे. अशी जागा दिसली की इंजिनियर लोकांना घरात लग्न ठरल्यासारखा आनंद होतो. भिंत आखूड लागते आणि पाणी भरपूर साठतं. फक्त त्या परातीत गाव होतं.

गावाने विरोध केला असेल असं तुम्हाला वाटेल. केला नाही. पावसाळ्यात ओढा चढला की उंबरओहोळचा रस्ता बंद व्हायचा आणि अडलेल्या बाईला झोळीत घालून डोंगर चढावा लागायचा. नवं गाव नाशिककडच्या डांबरी सडकेला लागून मिळणार होतं, दारात एसटी. बैठका घेऊन घेऊन लोकांनी तिथलं सगळं आधीच ठरवून टाकलं होतं: मारुती कुठे बसवायचा, बोअर कुठे घ्यायची, कोणाच्या शेजारी कोण राहणार. शेजारावरून तर एकदा हाणामारीची वेळ आली होती.

मी तिथे धरणाच्या जागेचा दगड तपासायला गेले. जमिनीत मशिनने खोल भोकं पाडायची, आतून दगडाच्या लांब कांड्या काढायच्या, त्या लाकडी पेटीत क्रमाने मांडायच्या आणि वाचायच्या. काम हिवाळाभर चालणार होतं. विश्रामगृह लांब, म्हणून जेवणाची सोय गावातच करायची ठरली आणि सरपंचांनी मला चतुराबाईच्या घरी नेऊन सोडलं.

चतुराबाईचं घर गावात सगळ्यात वर, डाव्या डोंगराच्या उतारावर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सोमनाथ सातपूरला कंपनीत, त्याची बायको उज्वला आणि लहानगी वेदिका त्याच्याबरोबर एका खोलीत. त्या खोलीत चतुराबाई एकदा राहायला गेली होती आणि चार दिवसांत परत आली होती, कारण रात्री तिघं झोपली की चौथ्याला पाय लांब करता येत नव्हते. नव्या गावात प्लॉट मिळाला की सोमनाथ तिथे घर बांधणार होता. तिथून सातपूरला जायला सरळ बस होती. सगळी एका घरात येणार, हे ती मला रोज एकदा तरी सांगायची आणि मी रोज नव्याने ऐकत असल्यासारखं ऐकायचे.

सरकारी माणसांनी बुडणाऱ्या प्रत्येक घराच्या दारालगतच्या भिंतीवर ऑइलपेंटने नंबर टाकला होता. चतुराबाई भिंती सारवायची तेव्हा नंबराच्या कडेने बोट अगदी जपून फिरवायची.

तिच्या ओट्याच्या बरोबर खाली, दीड पुरुष उतारावर, भागीबाईचं अंगण होतं. या दोघी एकमेकींशी भांडायच्या. कधीमधी नाही, रोज. सकाळी चूल पेटली की चतुराबाई ओट्यावर यायची आणि सुरुवात व्हायची. तिच्या धुण्याचं पाणी हिच्या अंगणात, हिची कोंबडी तिच्या नाचणीत, शेवग्याच्या शेंगा कोणी तोडल्या, लग्नात कोणाला आहेर कमी केला. त्या लग्नातल्या नवरानवरीची मुलं आता शाळेत जात होती. मी चहाचा कप घेऊन बसायचे आणि मनात म्हणायचे, काय ही डोकेदुखी. भागीबाई आवाजाने भारी होती, पण टोमणा मारावा तर चतुराबाईनेच. एखादा जिव्हारी लागला की ती समाधानाने घरात येऊन मला आणखी एक भाकरी वाढायची.

तर या दोघींनी नव्या गावात प्लॉट शेजारीशेजारी मागून घेतले होते. सगळ्या बैठकीत फक्त त्यांचंच एकमत झालं होतं. मला हसू आलं. मी विचारलं तेव्हा चतुराबाईलाच माझं नवल वाटलं. नव्या ठिकाणी सगळंच परकं, ती म्हणाली, भांडायला तरी ओळखीचं माणूस नको का?

भिंतीच्या जागेचा दगड चांगला निघाला. काळा, घट्ट, हातोडी मारली की घणघणणारा. मग मशिन डाव्या डोंगरावर नेली. त्या डोंगराची एक बारीक सोंड चतुराबाईच्या घराच्या पुढे लांबवर गेली होती आणि सोंडेच्या पलीकडे दुसरं खोरं होतं. धरण म्हणजे नुसती भिंत नव्हे. साठलेलं पाणी बाकी सगळ्या बाजूंनी डोंगरांनी धरून ठेवायचं असतं, आणि डोंगर गळका असेल तर भिंत सोन्याची बांधा, उपयोग नाही.

सोंडेतून आधी काळ्या कांड्या आल्या, मग पांढऱ्या ठिपक्यांच्या, आणि मग एकाएकी विटकरी लाल. आपला सगळा प्रदेश तप्त लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झाला आहे. दोन थरांच्या मध्ये मोठा काळ गेला की खालच्याची माती होते, आणि वरचा लाव्हा आला की ती भाजून निघते. तो हा तांबडा पट्टा. त्याच्या खालचा दगड पार भेगाळलेला होता. भोकात दाबाने पाणी सोडून चाचणी घेतली. पंप धडधडत राहिला आणि दाबाचा काटा जागचा हलेना. मशिनवरचा राकेश म्हणाला, "मॅडम, भोक पाणी पितंय." आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट वाक्य नाही.

ठरल्याप्रमाणे पाणी भरलं असतं तर ते त्या भेगांतून पलीकडच्या खोऱ्यात गेलं असतं. जाता जाता भेगांतली माती धुऊन नेली असती, दर वर्षी जरा जास्त, आणि एखाद्या वर्षी सोंडच खचली असती. सिमेंट भरून भेगा बुजवता येतात, पण त्या रिकाम्या असल्या तर. या चिकणमातीने गच्च भरलेल्या होत्या. अशा भेगेत दाट सिमेंट शिरत नाही, पाणी मात्र माती सारून वाट काढतं. उपाय एकच होता. धरणाची उंची कमी करून पाणी त्या भेगाळलेल्या दगडाच्याही खाली, पुन्हा घट्ट काळा दगड लागतो तिथवरच ठेवायचं. मी तसं लिहून दिलं आणि वरून मंजुरी आली.

उंची कमी म्हणजे पाण्याची रेघही खाली. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती ही रेघ. रेघेखालचं घर सरकार घेतं आणि माणसाला नव्या गावात जागा देतं. रेघेवरचं घर ज्याचं त्याला. ऑफिसात मी नव्या रेघेचा नकाशा पाहिला. सगळं गाव अजूनही रेघेखालीच होतं, कारण ते परातीच्या तळाशी होतं. रेघ भागीबाईचं अंगण पोटात घेऊन चतुराबाईच्या ओट्याखालून गेली होती. अख्ख्या उंबरओहोळात एकच घर वाचलं होतं, आणि ते मी जेवते ते.

मला इतका आनंद झाला की मी गंगापूर रोडवरून पेढे घेतले. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताने घरं बुडालीच होती, वाचलं होतं ते हे पहिलं. जीपमध्ये पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून मी बसले होते आणि चतुराबाईला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. काय माझी अक्कल.

ती चुलीपाशी होती. मी पेढा तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "चतुराबाई, तुमचं घर वाचलं. पाणी तुमच्यापर्यंत येत नाही. तुम्हाला कुठेही जावं लागणार नाही."

तिने पेढा तोंडात घातला नाही. पुन्हा एकदा सांग म्हणाली. मी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा कमी आनंदाने. मग तिने एकेकाचं नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. सुलाबाईचं घर? जाणार. सरपंचाचं? जाणार. मारुती? जाणार. बहिरूचा गोठा? तोही. शेवटी तिने खाली अंगणाकडे बोट केलं.

"आन् भागी?"

"भागीबाई जाणार."

तिने पेढा परत पुड्यात ठेवला. मग म्हणाली, "मंग मी एकलीच ऱ्हाणार का हितं? माझ्यावर येवढा कसला राग धरला गं तू?"

मला तेव्हा जे कळलं ते मला आधी कळायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. म्हणो. मी एकटीच राहणारी बाई. चार भिंती शाबूत राहिल्या म्हणजे माणूस वाचलं, असंच मी धरून चालले होते.

त्यानंतर मी जे केलं ते नोकरीत कधी केलं नव्हतं. दगडाकडून मला हवं ते उत्तर काढायला निघाले. सोंडेवर आणखी दोन भोकं घ्यायला लावली. पहिलं भोक वाईट जागी पडलं असेल, पुढे दगड घट्ट असेल, मग धरणाची उंची पुन्हा वाढवता येईल, असं म्हणत मी पंपाशेजारी उभी राहिले. दोन्ही भोकं पाणी प्यायली. मग मी दुसरं काही सुचतं का पाहिलं. पाणी लागून घराखालचा उतार घसरणार असेल तर रेघेवरचं घरही हलवावं लागतं. मी चतुराबाईच्या परसात खणलं, ओट्याखालची माती काढून पाहिली. मऊ काहीतरी लागावं म्हणून मी तिथे जवळजवळ नवस बोलले. खाली काळा, अखंड दगड होता. साऱ्या उंबरओहोळात इतक्या मजबूत पायावर दुसरं घर नव्हतं.

प्रकल्पावर आल्हाद नावाचा तरुण इंजिनियर होता, मुलगा चांगला. पाण्याने वेढलं जाणारं घर रेघेवर असलं तरी घेता येतं, असं तो म्हणाला आणि मला आशा वाटली. पण नकाशा बघून त्याने मान हलवली. चतुराबाईच्या दारातून सोंडेवरून पायवाट पलीकडच्या खोऱ्यात जात होती. वाट आहे म्हणजे घर तुटलेलं नाही. तिची नाचणीची पट्टीही वरच्याच अंगाला, म्हणजे जमीनही जात नव्हती. नियमाने ती धरणग्रस्त नव्हतीच. थोड्याच दिवसांत एक माणूस येऊन दारालगतचा नंबर खरवडून गेला.

मी हे सगळं तिला सांगितलं, अगदी परसात काय लागलं तेही. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"येवढं केलंस तू," ती म्हणाली. "मंग येक करायचं. खोटं लिही. लिही का म्हातारीच्या घराखाली माती हे. कोण बघाया येतंय?"

"कोणी येणार नाही," मी म्हणाले.

"मंग?"

मला लिहिता आलं असतं, आणि माझी सही कोणी तपासली नसती. पण आज एका घरासाठी दगडाबद्दल खोटं लिहिलं, तर उद्या सोंडेबद्दल कोणी सांगितलं म्हणूनही लिहीन, आणि सोंडेपलीकडच्या खोऱ्यात दोन गावं झोपलेली असतात. हे मी तिला सांगितलं. तिला ते पटलं की नाही ठाऊक नाही. ती एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जेवून घे."

गाव उठलं ते उन्हाळ्यात. भिंत पूर्ण व्हायला आली होती आणि ट्रॅक्टर भरभरून खाली जात होते: कौलं, दारं, उखळ, शेळ्या. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते. भागीबाई आपल्या अंगणातून वर चढून चतुराबाईच्या ओट्यावर आली. इतक्या वर्षांत ती तिथे पाय ठेवायला आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ती उभ्या उभ्याच म्हणाली की चल, माझ्या घरात जागा हाय, दोन भाकरी मला जड नाहीत. चतुराबाईने तिला पाणी दिलं आणि नाही म्हणून सांगितलं.

ट्रॅक्टर गेल्यावर मी तिच्यावर चिडले. मान कसला धरून बसलात, म्हणाले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला साधं गणितही येत नाही.

"तिच्या घरात ऱ्हाऊन तिच्याशी भांडू कशी? ज्याचं खायचं त्याच्याशी भांडता येत नाय, ताई. गोड बोलावं लागतं."

सोमनाथनेही तिला खूप समजावलं. पण प्लॉट गेला तशी सगळ्यांनी एका घरात राहायची गोष्टही गेली, आणि त्या खोलीत पाय लांब करायला जागा अजूनही नव्हती. तो दिवाळीला सगळ्यांना घेऊन येतो, दोन दिवस राहतो.

धरण भरलं. सोंडेपलीकडे पाणी पाझरतंय का ते बघायला मला महिन्याला एकदा जावं लागतं. पलीकडचा उतार कोरडा ठणठणीत आहे. माझा अंदाज अचूक ठरला म्हणून वरून शाबासकीही आली. ती घेऊन मी घरी आले, कुलूप काढलं आणि सांगायला कोणी नव्हतं म्हणून टीव्ही लावला.

तपासणी झाली की मी सोंडेवरच्या पायवाटेने चतुराबाईकडे जाते. ओट्यावरून आता खाली पाणीच पाणी दिसतं, आणि ते दिसायला सुंदर आहे, त्याचा राग येतो. मध्यंतरी भागीबाई येऊन गेली, लांबच्या वाटेने, पातळ नेसून, पाहुणीसारखी. चतुराबाईने मला सगळं सांगितलं. दोघींनी चहा घेतला. कशी हेस, बरी हे, तू कशी, मी बी बरी. कोंबडीचा विषय निघाला नाही. जाताना भागीबाईने तिच्या हातात केळी दिली. हे सांगताना चतुराबाईच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ती सहसा रडणारी बाई नाही.

परवाच्या खेपेला मला राहवलं नाही. मी तिला म्हणाले, "माझ्याकडे चला इंदिरानगरला. दोन खोल्या रिकाम्या आहेत."

"तढं कोण हे?"

"मी आहे."

"तू दिवसभर दगडात. मंग मी हितं येकली ती तढं येकली. हितं घर तरी माझं हे." ती भाकरी थापत होती, ती थांबली. "शेजारी कोण हे तुझ्या?"

मी आठवलं. त्यांचं आडनाव मला दारावरच्या पाटीमुळे माहीत आहे. मी ते सांगितलं.

"त्यांच्याशी भांडतेस?"

"नाही."

"मंग कोणाशी भांडतेस गं तू?"

"कोणाशीच नाही," मी म्हणाले. बोलल्यावर मलाच ते चमत्कारिक वाटलं. ऑफिसात मतभेद होतात, पण ते कागदावर होतात. आईशी भांडायचे, ते केव्हाच संपलं.

चतुराबाई माझ्याकडे बघत राहिली. मी तिची कीव करायला महिन्याला येत होते, आणि आता ती माझी करत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, पदराला पुसले आणि ओट्याच्या कडेला, नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली. मला म्हणाली, तू खाली जा, पायरीपाशी उभी ऱ्हा. मी गेले. का, ते विचारलंही नाही.

"मागच्या टायमाला येते म्हणालीस आन् आली नाय," ती वरून कडाडली. "दोन मान्सांचं रांधून बसले. भाकरी वाळून दगड झाली. कोण खाणार, तुझा बाप?"

"चुकलंच माझं," मी म्हणाले. "मीटिंग लांबली."

"आसं नाय. उलट बोल."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला होता, पण ती तिकडे वळली नाही.

"बोल ना," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज कडाडत नव्हता. "कायबी बोल. माझ्या कोंबडीला बोल."

मी तोंड उघडलं. काहीतरी लागेलसं, झोंबेलसं बोलायचं होतं, आणि मी मनापासून शोधत होते. एकही शब्द सापडेना. चतुराबाई कमरेवर हात ठेवून वाट बघत होती.